पिवळा पडणारा बाळराजा

रंभामावशीचा फोन आला तेव्हा गौतमी आपल्या लेकाच्या, आयुषच्या, कपाळावर हात ठेवून बसली होती. ताप नव्हता. पण आत्ता नाही म्हणजे नंतर येणारच नाही असं थोडंच आहे, म्हणून बसली होती.

"गौतमे, त्यो बाहुलीवाला सोपानमहाराज आमच्या कवठ्यातनं उठला बरं का!" मावशी कवठे येमाईहून ओरडून बोलत होती. शिरूर तालुक्यातून वरवंडपर्यंतचं अंतर मोबाइल नव्हे, आपला घसा कापतो अशी तिची समजूत. "आता तुमच्या वरवंड-पाटसच्या अंगाला गेलाय म्हनत्यात. तुझी जाऊ दिवसांत हाय ना? नजर ठेव गं बाई."

"मावशी, बाहुलीनं कुणाचं काय वाकडं होतंय?"

"बाहुलीनं न्हाई हुत. बाहुलीच्या नादानं हुतंय."

"बरं, बघते. ठेवू का? आयुष शिंकला."

"शिंकला तर शिंकू दे की! आगं, मी काय सांगते..."

पण गौतमीनं फोन ठेवला होता.

तसं पाहिलं तर गौतमीला जगातल्या बहुतेक वस्तूंची धास्ती. शेंगदाणा, शर्टाचं बटण, पाण्याची बादली, पंख्याचं पातं, शेजारच्यांचं बोकड. दौंडच्या कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन ती बीएस्सी झाली होती, त्यामुळे प्रत्येक धास्तीला शास्त्रीय कारणही तयार असे. तिच्या पर्समध्ये एक थर्मामीटर, दोन रुमाल आणि कागदी साबणाची डबी. कुठंही गेली की पातळ कागदासारखी एक वडी काढायची, पाण्यात भिजवायची, आधी स्वतःचे हात, मग आयुषचे, मग जवळपास जो कुणी असेल त्याचे. आयुषनं बटण गिळलं म्हणून तिनं एकदा अख्खं घर दवाखान्यात नेलं होतं. बटण नंतर नवऱ्याच्या, सुमितच्या, खिशात सापडलं. तेव्हापासून घरात तिच्या काळजीचं वजन उतरलं होतं ते उतरलंच. सासू, धुरपदाबाई, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "आमची थोरली गुणाची हाय. निसतं जांभई दिली तरी डाक्टर."

एवढ्या सगळ्या धास्त्यांत बाहुली मात्र नव्हती. तिनं मावशीचं बोलणं सोडून दिलं.

पाटसकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, उसाच्या फडांमध्ये, एक बंद पडलेली पोल्ट्री होती. कोंबड्या जाऊन वर्षं झाली तरी त्यांचा वास हटला नव्हता. आता त्यावर धूप आणि बेबी पावडर यांचा थर बसला. गाळप हंगाम चालू, रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर लागलेले, आणि त्यांच्या मधून वडापच्या, म्हणजे सीट भरली की सुटणाऱ्या, जिपा खच्चून भरून पोल्ट्रीपाशी रिकाम्या होत. बाया, म्हाताऱ्या, कडेवरची पोरं, पेढ्यांचे पुडे. "बाळराजा बघितला का?" हा वरवंडच्या बाजारात भाजीच्या भावाआधी विचारायचा प्रश्न होऊन बसला.

धुरपदाबाईही जाऊन आल्या. आता हे नवलच. त्यांच्या घरात देव्हारा नव्हता. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. उपास नाही, अंगारा नाही, नवस नाही. धुरपदाबाईंनी उभ्या जन्मात कुठल्या बुवाची पायरी चढली नव्हती, आणि त्याचा त्यांना ताठाही होता. पण महाराजानं फटच अशी ठेवली होती की ताठ माणसानंही आत जावं.

"आई, आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं, आणि तुम्ही बाहुलीच्या पाया पडून आलात?" गौतमीनं विचारलं.

"पाया कोन पडलंय? निसतं बघून आले. आन् त्यो महाराज सोताच म्हनतोय, ह्यो देव न्हाई. लेकरू हाय. लेकराला बघाया कसली आलीय प्रतिज्ञा?"

"लेकरू? जिवंत?"

"तू ये तर खरी. लय शिकलीस ना? बघ हात लावून."

गौतमी गेली. एक तर उत्सुकता, दुसरं म्हणजे तिथं जाऊन थोडं हसता येईल हा विचार.

शेडच्या टोकाला पाळणा, पाळण्याशेजारी सोपानमहाराज. पांढरी सलवार, पांढरी दाढी, हातात माइक. आवाज एसटी स्टँडवर गाड्या पुकारणाऱ्याचा.

"भक्तांनो, नीट ऐका! ह्यो देव न्हाई! ह्यो अवतारबी न्हाई! ह्ये बाळ हाय. उसाची तोड चालू हुती, तोडणाऱ्याचा कोयता वर गेला, आन् पाचटातनं आवाज आला, ट्यँहा! तवापास्नं ह्ये असंच हाय. वय वाढत न्हाई. दूध मागत न्हाई. शी न्हाई, शू न्हाई."

"मंग माझ्या नातवापरीस बरं की!" मागून एक आजी बोलली. शेड हसली. महाराजही हसला. हशाला तो घाबरत नव्हता, हीच त्याची हुशारी.

"हसा, हसा! सायन्सवाल्यांनीबी यावं. टच करावं. एक्स-रे काढावा! पिवळ्या पडलेल्या लेकराला ह्याच्याशेजारी एका पीतांबरात निजवायचं. बॉडीला बॉडी कनेक्ट हुती, रोग ट्रान्सफर! दुसऱ्या सकाळी आमचा बाळराजा पिवळा, आन् तुमचं लेकरू मोकळं. मंग पत्र्यावर सूर्यस्नान, की बाळराजाबी पुन्ना गोरा! मुंबईचे डॉक्टर येऊन बघून गेले. सायलेंट झाले, सायलेंट!"

गौतमीची पाळी आली. हसायची तयारी करून तिनं हात पुढे केले आणि बाळराजा हातात येताच ती हसायचं विसरली. वजन तान्ह्या बाळाचंच. मान अशी लुळी की तिचा तळहात आपोआप डोक्याखाली गेला. कातडी मऊ, दाबली की दबणारी, कोमट. कानामागे निळसर शिरा, नाकावर दुधाचे पांढरे बारीक दाणे, नखं पारदर्शक, भुवयांना लव. डोक्याला जावळ, एक एक केस वेगळा. कपाळ किंचित ओलसर, घामेजल्यासारखं. दीड वर्षापूर्वीचा आयुषच कुणी परत दिला असं तिला वाटलं.

पण हाताची सवय वाईट. अंगठा टाळूवर गेला. तान्ह्या बाळाची टाळू उडते, मऊ असते. आईला ती न बघताही कळते. इथं सगळं डोकं सारखंच. पापण्या हलत नव्हत्या, छाती हलत नव्हती. बाळराजा ज्यावर निजला होता त्या उशीखालून गरम पाण्याच्या रबरी पिशवीचं टोक डोकावत होतं.

"बाहुली आहे, आई. फार सुंदर केलेली बाहुली," ती परत येताना म्हणाली.

"आसंल. पन गुन येतोय त्याचं काय?"

गौतमीच्या डोक्यात राहिले ते महाराजाचे नियम. शेडच्या भिंतीवर ते रंगवलेले होते आणि महाराज ते दर थोड्या वेळानं म्हणून दाखवी. बाळराजाला फक्त पांढरं सुती कापड. रंगीत कपडा अंगाला लावायचा नाही. वर्तमानपत्रावर ठेवायचं नाही. अंगठ्या काढून हात लावायचा, नख लागता कामा नये. निरांजन लांब धरायचं. अंगाला तेल सुटलं तर कोमट पाण्यानं पुसून पावडर लावायची. जावळ मऊ ब्रशनं, वरून खाली. आणि शेवटचा, लाल अक्षरातला: साबण वर्ज्य.

भाग्यश्री ही गौतमीची धाकटी जाऊ. तिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ती माहेरी न जाता सासरीच राहिली. मुलगी झाली. घारी, गोरी, डाव्या खांद्यावर मसुराएवढा तपकिरी डाग. भाग्यश्रीचा नवरा, संपत, उसाच्या ट्रकवर. त्याला फडातून सुटी मिळेना. बाळ घरी आलं आणि थोड्याच दिवसांत पिवळं दिसू लागलं.

"आई, डॉक्टरांना दाखवू," गौतमी म्हणाली.

"तुझ्या आयुषचं बटन सापडलं का गं अजून?" धुरपदाबाई म्हणाल्या, आणि भाग्यश्रीसुद्धा हसली.

गौतमीनं दौंडच्या बाळांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, बाळ घेऊन या, रक्त बघू. हे तिनं घरी सांगितलं. "व्हय, जाऊ की," असं सगळे म्हणाले, आणि जायचं तेवढं राहिलं. दुसऱ्या दिवशी आयुषची लस होती म्हणून ती दौंडला गेली, गाडी चुकली, माहेरी मुक्काम पडला. सकाळी परत आली तर घर रिकामं. शेजारच्या सुवर्णानं सांगितलं, "काल समदी बाळाला घेऊन पोल्ट्रीत गेलती. आता बी तिकडंच. बाळराजा पिवळाधमक झालाय म्हनं! तुमच्या छकुलीला गुन आला!"

गौतमीनं आयुषला सुवर्णाच्या कडेवर दिलं आणि मारुतरावांची जीप गाठली. मारुतराव वडाप चालवायचे. पोल्ट्रीच्या फेऱ्या हा त्यांचा हंगाम.

"लय गर्दी हाय आज, सूनबाई. तुमच्या घरचाच चमत्कार," ते कौतुकानं म्हणाले.

शेडमध्ये माणसाला माणूस चिकटलेलं. पाळण्यात बाळराजा पांढऱ्या लंगोटात, आणि खरंच, गालापासून पायापर्यंत पिवळा. महाराजानं ओल्या फडक्यानं त्याचं पोट पुसून दाखवलं. पिवळेपणा जाईना. बायांनी हात जोडले.

"आन् ह्ये बघा!" त्यानं बाळराजाचा खांदा पुढे केला. "छकुलीच्या खांद्यावरची खूनसुदिक आली! याला म्हनत्यात कनेक्शन! ज्या लेकराचा रोग, त्याचंच नाव बाळराजाला. हिचं बारसं झालं न्हाई, म्हनून आज बाळराजाचं नावबी छकुलीच!"

मसुराएवढा तपकिरी डाग होता खरा. फक्त उजव्या खांद्यावर.

"आई, आपल्या बाळाचा डाग डावीकडे आहे," गौतमी सासूच्या कानाशी म्हणाली.

"आरशात बघितल्यावर उलटंच दिसतं की," धुरपदाबाई म्हणाल्या, पण त्यांच्या कपाळाला एक आठी पडली.

भाग्यश्री भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर बाळ. "ताई, बघा ना, किती शांत निजलीय. राती एकदाबी रडली न्हाई."

"दूध पितेय?"

"न्हाई. महाराज म्हनले, बाळराजाच्या कनेक्शननं पोट भरलंय."

गौतमीनं बाळाचा गाल चोळला, तळपायावर टिचकी मारली. बाळानं तोंड वेडंवाकडं केलं आणि पुन्हा मान टाकली. शेडमधल्या बल्बच्या उजेडात सगळेच पिवळे दिसत होते. तिनं भाग्यश्रीला धरून उठवलं, दारापर्यंत उन्हाच्या तुकड्यात आणलं. बोटानं बाळाची छाती दाबून बोट उचललं. खालची कातडी पिवळी. पोट पिवळं. तळपाय पिवळे. पापणी वर केली, तर डोळ्याचा पांढरा भागही पिवळा.

"भाग्यश्री, ही झोप नाही. ही ग्लानी आहे. आत्ताच्या आत्ता दौंड."

महाराज माइकवरूनच बोलला. "खुशाल न्या, ताई! आमची जबरदस्ती न्हाई. पन रोग निम्मा जिरलाय, निम्मा वाटेत हाय. मधीच कनेक्शन तोडलं तर उलटा फिरंल. मग बोल आमाला लावू नका."

झालं. भाग्यश्रीनं बाळ छातीशी असं आवळलं की ते सोडवायला माणसं लागली असती. "न्हाई ताई. उलटा फिरला तर? मला कोन हाय? मी न्हाई उठनार."

"त्याचे डोळे बघ, बाळराजाचे! कावीळ डोळ्यांत आधी दिसते. हे पांढरेशुभ्र!"

"डोळं रोग घेत न्हाईत," महाराज तयारच होता. "डोळ्यांनी तर त्यो तुमच्याकडं बघतोय." गर्दीतून हुंकार आला. दोन-तीन बाया गौतमीकडे अशा बघू लागल्या की तीच रोग घेऊन आली आहे.

बाळ ओढून घेऊन पळता आलं असतं. पण आईच्या हातांत भीती असेपर्यंत ते किती लांब जाणार? रस्त्यातून परत आणलं असतं. आधी ती भीती सोडवायला हवी होती, आणि वेळ तर नव्हता.

गौतमीची नजर भिंतीवरच्या नियमांवर गेली. रंगीत कपडा नको: हे तिला आता कळत होतं. आयुषच्या रबरी बदकाला नव्या फ्रॉकचा रंग लागला तो कधी सुटलाच नाही. कागदाची शाई, नख, आग, तेल, पावडर: अशा मऊ, नाजूक रबराची निगा कुणीही अशीच राखील. सगळे नियम खरे, बरोबर आणि जपणुकीचे. पण साबण? अशी वस्तू तर साबणाच्या पाण्यानं धुवायला हवी. मग साबणाला का भितो हा? आणि रंगीत कपडा चालत नाही, तर रोज रात्री पीतांबर कसा चालतो?

पीतांबर. पिवळा. कॉलेजच्या प्रयोगशाळेतली परीक्षानळी तिच्या डोळ्यांपुढे आली. तिच्याहीआधी आली घरची मोरी, आणि मोरीतली वरणाचा डाग पडलेली सुमितची बनियन.

"महाराज, चुकले मी," ती एकदम म्हणाली. "बाळराजाला मांडीवर घेऊ द्या. माफी मागते."

गर्दी कळवळली. महाराजाची छाती फुगली. "घ्या, घ्या. अडानी न्हाई तुमी, निसत्या शिकलेल्या हायसा. हात धुवून या."

"तेच करते," म्हणून गौतमी कोपऱ्यातल्या पिंपाकडे गेली. पर्समधली डबी उघडली, कागदी साबणाच्या चांगल्या चार-पाच वड्या ओल्या तळहातात दाबल्या, आणि परत येऊन बाळराजाला घेतलं. सवयीनं मानेखाली हात गेलाच. दुसऱ्या हातानं तिनं त्याच्या मांडीची वळी चोळायला सुरुवात केली. ओलं फडकं पोहोचलं नव्हतं अशी ती जागा.

आधी पिवळा भाग केशरी झाला. मग विटकरी. मग फेस लालभडक होऊन तिच्या मनगटावरून ओघळला.

"रगत!" महाराज किंचाळला. माइक शिट्टीसारखा वाजला. "बाळराजाला रगत आलं! पापिनीनं घात केला! धरा तिला!"

गर्दी मागे सरकली. एक बाई घुमायच्या बेतात केस सोडू लागली. भाग्यश्रीनं बाळ पदराखाली घेतलं. गौतमी बाळराजाला घेऊन उभी, मनगट लाल, आणि आता पुढं काय बोलायचं होतं ते भीतीनं पार विसरलेली.

पुढे आल्या त्या धुरपदाबाई. त्यांनी सुनेचं मनगट धरलं, नाकाशी नेलं आणि मोठ्यानं हुंगलं.

"रगताला कवापास्नं हळदीचा वास यायला लागला?"

पुढच्या दोन बायाही वाकून हुंगू लागल्या.

"आगं बायांनो, हळदीच्या लुगड्याला साबन लावल्यावर हुतं तसं झालंय ह्ये!"

"व्हय की गं!" घुमायच्या बेतातली बाई केस बांधत पुढे आली. "आमच्या धाकट्याच्या हळदीतलं माझं पातळ असंच लाल झालं हुतं. मी रडले हुते."

"माझ्या पोराची पँट..."

"आन् ती उन्हात वाळत घातली की डाग जातोय!"

"म्हनून व्हय रं ह्येला रोज पत्र्यावर सूर्यस्नान!"

आता बायांना थांबवणं महाराजाच्या माइकला जमण्यातलं नव्हतं. गौतमीला तिचे शब्द परत सापडले. धुरपदाबाईंच्या पदरावर आदल्या दिवशीच्या कालवणाचा डाग होता. त्यावर तिनं साबणाचं बोट फिरवलं. तो लाल झाला. पाळण्याखालचं बोचकं कुणीतरी ओढलं, पीतांबर बाहेर आला, त्यावर बोट फिरवलं. लाल.

मग तिनं हात स्वच्छ धुतले, नवी वडी भिजवली आणि ती भाग्यश्रीपाशी खाली बसली. "आता हिच्यावर बघ." रात्रभर अंगावर असलेलं झबलं वर करून, ओल्या बोटानं तिनं बाळाच्या छातीवर हलकेच फेस लावला आणि पुसला.

बाया वाकून बघत होत्या. बाळाची छाती लाल झाली नाही. पिवळी होती, पिवळीच राहिली.

"हिचा पिवळेपणा वरून लावलेला नाही गं," गौतमी म्हणाली. "आतला आहे. तो कुणी घेतलेला नाही. सगळा हिच्याकडेच आहे."

भाग्यश्रीनं एकदा त्या पाळण्याकडे पाहिलं, एकदा मांडीवर. मग तीच आधी उठली.

"मारुतमामा, जीप काढा."

मारुतरावांनी त्या दिवशी उसाचे ट्रॅक्टर कसे ओलांडले ते त्यांनाच ठाऊक. मागच्या बाकावर गौतमी बाळाच्या तळपायाला गुदगुल्या करून त्याला जागं ठेवत होती, भाग्यश्री पाजायचा प्रयत्न करत होती, आणि धुरपदाबाई महाराजाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. पाटस मागे पडलं तशा त्या थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "आगं, त्यो म्हनला देव न्हाई, लेकरू हाय. म्हनून म्या बिनघोर गेले. देव म्हनला असता तर दारातनं माघारी आले असते."

"त्याला ते माहीत होतं, आई."

दौंडला रक्त तपासलं. आकडा बघून डॉक्टरीणबाई लगेच बाळाला आत घेऊन गेल्या. डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट, वर निळा दिवा. बाहेरच्या बाकावर तीन बाया एका ओळीत. धुरपदाबाईंनी पदराचा लाल डाग मुठीत धरून ठेवला होता.

संध्याकाळी आतून रडणं ऐकू आलं. चांगलं खणखणीत, भुकेजलेलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "प्यायला मागतेय. आता उतरेल. आज आणलीत म्हणून. आणखी उशीर झाला असता तर ही कावीळ मेंदूवर गेली असती, आणि मग ऐकू येणं, चालणं, कशाचीच खात्री मी दिली नसती."

भाग्यश्री रडत रडत पाजायला गेली. धुरपदाबाईंनी गौतमीकडे बघितलं. "बटन सापडलं बरं का गं," एवढंच म्हणाल्या, आणि तिचा हात दाबला.

पुढे बारसं झालं. मुलीचं नाव ठेवलं प्रज्ञा.

सोपानमहाराज त्याच दिवशी सटकला. बाळराजाला घेऊन जायला बायांनी त्याला उसंत दिली नाही. पोलिसांनी त्याला आठवड्याभरात धरला. पूर्वी तो मस्कतला एका घरी ड्रायव्हर होता. तिथल्या मुलीनं खेळून टाकलेली सिलिकॉनची बाहुली त्यानं मागून आणली. अशा बाहुल्या परदेशात हौसेनं करतात. एक एक केस सुईनं रोवतात, शिरा रंगवतात, पोटात वाळूसारखं भरून वजन आणतात, हवी तशी जन्मखूणही काढून देतात. छकुलीची खूण मात्र यानंच रातोरात रंगवली, तीही चुकीच्या खांद्यावर. त्या मालकिणीनं निगेचे नियम शिकवले, तेच यानं भिंतीवर रंगवले. फक्त साबणाचा त्याचा स्वतःचा.

वरवंडच्या अंगणवाडीत गौतमीनं बायांना हे सगळं उलगडून दाखवलं.

"मग घाम कशाचा यायचा त्येला?" पोल्ट्रीत नातवावरून शेड हसवणाऱ्या आजींनी विचारलं.

"घाम नव्हे, आजी. सिलिकॉनला तेल सुटतं. म्हणून पावडर लावतात."

"आन् आमच्या नातीला गुन आला त्यो?"

"किती दिवसांची होती?"

"पाचवी झालीवती."

"मग ती आपसूकच बरी झाली. बऱ्याच तान्ह्या बाळांना थोडी कावीळ होते आणि उतरते. महाराजाकडे नेलं तरी उतरते, न नेलं तरी उतरते. त्याच्याकडे येणाऱ्यांतली बहुतेक बरी व्हायची, म्हणून त्याचं नाव झालं. पण एखाद्या बाळाची वाढत जाते. ते कुठलं, हे रक्त तपासल्याशिवाय कुणाला कळत नाही. महाराजालाही नाही, मलाही नाही."

"मग आमी इतक्या जनी फसलो कशा गं?"

"कारण बाहुली खरंच सुंदर होती, आजी. आणि आपण सगळ्याजणी घाबरलेल्या होतो."

बाळराजा आता अंगणवाडीत असतो. तिथल्या ताई त्याच्यावर नव्या आयांना शिकवतात: मान कशी धरायची, कोमट पाणी कोपरानं कसं बघायचं, कानामागं कसं पुसायचं. पोरं त्याला रोज नवं नाव ठेवतात. गौतमी महिन्यातून एकदा त्याला साबणानं स्वच्छ धुते, पावडर लावते, पांढरं झबलं घालते. खांद्यावरचा तो डाग तिनं पुसून काढला. आता तो कुणाचीच नक्कल करत नाही.

ही गोष्ट वाचून तुम्ही महाराजाला हसला असाल तर चांगलंच. पण हसून पुस्तक मिटू नका. महाराज जागा बदलतात, बाहुलीही बदलतात. कधी ती बाहुली नसते, नुसता ताईत असतो. तो कुठला, हे शोधत बसायचं नाही. प्रश्न एवढाच विचारायचा: हे असं का झालं, आणि दुसऱ्या कशानं झालं असेल का? चुलीपुढं आणि मोरीत बसून जे आपल्याला रोज दिसतं, तेवढं शहाणपण त्या प्रश्नाला पुरतं.

आणि एक काम करा. तुमच्या आळीत, चाळीत, वस्तीवर कुणी बाळंतीण असेल, तिच्याकडे आज जा. उद्या नको. बाळाला दारात, दिवसाच्या उजेडात आणायला सांगा. छातीवर, पायावर बोट दाबून बघा. पितं का विचारा, उठवल्यावर उठतं का बघा. फार पिवळं दिसलं, सुस्त वाटलं, तर गाडी बोलवा आणि सोबत जा. मग त्या आईकडेही बघा. ती जेवली का, झोपली का, कशाला घाबरली आहे, हे तिला कुणी विचारलेलं नसतं. घरातले तुम्हाला हसतील, भित्री म्हणतील.

म्हणू द्या. तुम्ही बाळ उजेडात आणा.